धुरा टाकला

राजकन्येच्या बापाने आयुष्यभर मातीकाम केलं. रामलिंग त्याचं नाव, गाव रेणापूरजवळचं. विहीर असो, पाझर तलाव असो, रस्त्याचा भराव असो. माती खणून उचलायची असेल तिथे तो असायचा. मुलीचं नाव राजकन्या ठेवलं तेव्हा पारावरची माणसं हसली.

"रामलिंग, राज्य कुठं हाय रं तुझं?"

"हे काय," टोपलं दाखवत तो म्हणायचा. "रोज डोक्यावर घेऊन हिंडतो की."

शाळा सुटली की पोरगी कामावर जायची, मापं लिहून घ्यायला. खड्डा खणताना मधोमध मातीचा एक खांब न खणता तसाच ठेवतात. मूळ जमीन कुठवर होती ते त्यावरून कळतं आणि मोजणारा साहेब त्यावरून खोली धरतो. रामलिंग त्या खांबाला फार जपायचा. कुणाचं ढोर तिकडं वळलं तरी ओरडायचा. "ह्यो पडला तर आपन काय केलं ते सांगनार कोन?"

पुढे राजकन्या वकील झाली, तेव्हा गावातल्या सत्काराला आलेल्या पाहुण्यांनी ही गोष्ट रंगवून सांगितली. पुराव्याचा कायदा पोरगी तिथंच शिकली, असं म्हणाले. राजकन्येला ते पटलं नाही. तिथं नुसतं ऊन होतं, ती म्हणाली.

वकिली ती शिकली लातूरला. बी.ए. झाल्यावर तीन वर्षं लॉ कॉलेज. सकाळी वर्ग, दुपारी एका झेरॉक्सच्या दुकानात उभं राहून काम. सनद हातात आली त्याच आठवड्यात ती शेषेराव वकिलांच्या ऑफिसात गेली. शेषेराव फक्त दिवाणी दावे चालवत. वाटणीचे, वहिवाटीचे, बांधाचे. फौजदारीला हात लावत नसत.

"तिकडं आरोपी सुटला की विषय संपला," ते तिला म्हणाले. "आपल्याकडं एकेका दाव्याला दहा-दहा वर्षं जातात. आहे का तेवढा दम?"

"बापाचं काम मातीचं हाय सर."

"मग बस."

पहिलं वर्षभर तिने कोर्टात तोंड उघडलं नाही. फायलींना भोकं पाडली, दोरे ओवले, पानांना आकडे घातले, नोटिसांच्या पोचपावत्या लावल्या. दुसऱ्या वर्षी मसुदे लिहायला मिळाले. शेषेराव मसुदा हातात घेण्याआधी तिच्या चपला बघायचे. चपलेला माती नसली की कागद परत.

"शेत बघून आलीस?"

"नकाशा बघितला सर."

"मग नकाशाचा दावा लिही. माणसाचा कशाला लिहितेस?"

वाटणीच्या एका दाव्याचा मसुदा त्यांनी तिच्याकडून अकरा वेळा लिहून घेतला. बाराव्या वेळी काही न बोलता सही केली. त्यांची शाबासकी तेवढीच.

निजामी अमलातले जमिनीचे जुने कागद उर्दूत आहेत. बाकीचे वकील ते भाषांतराला देतात आणि वाट बघत बसतात. राजकन्येने दोन वर्षं, दर रविवारी, एका निवृत्त नक्कलनविसाच्या ओसरीवर बसून ती लिपी शिकून घेतली. पहिल्या वर्षी तिला नुसती गावांची नावं वाचता यायची. दुसऱ्या वर्षी मशरिक म्हणजे पूर्व आणि मगरिब म्हणजे पश्चिम, असं एकेका अक्षरावर बोट ठेवत ती शेताच्या चारही सीमा वाचू लागली. एका कागदाला तिला अख्खी दुपार लागायची. पण एकदा वाचलेलं चुकायचं नाही. तिला तिच्या वाचण्याचा अभिमान होता, आणि तो कष्टाचा होता.

लग्नानंतर ती नांदेडला आली. नवरा व्यंकट रेल्वेच्या विभागीय कचेरीत. कोर्टात ओळख ना पाळख. बाररूमच्या कोपऱ्यात एक टेबल मिळालं, त्याचा एक पाय आखूड. तिने खाली पुठ्ठा घातला आणि कामाला लागली. पाचेक वर्षांत खेड्यापाड्यातली माणसं तिचं नाव विचारत येऊ लागली. शेत बघितल्याशिवाय दावा लावत नाही, ही बातमी बाजारच्या दिवशी पसरते तशी पसरली होती.

नागाबाई आली ती अशीच विचारत. सत्तरी ओलांडलेली, ताठ, हातात कापडी पिशवी. खुर्ची पुढे केली तरी बसली नाही.

"तुमचा बाप मातीकाम करायचा म्हनं?"

"हो मावशी."

"मग घ्या माझा कागद. दुसऱ्या वकिलाला म्या सांगून सांगून थकले. त्याला धुरा म्हंजी काय तेच ठावं न्हाई."

धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. रेणापूरकडे बांध म्हणतात, नांदेडकडे धुरा. नागाबाईचं शेत नांदेडपासून तासाभराच्या वाटेवर. तिच्या आणि शेजारच्या हरिओमच्या रानामध्ये तिच्या नवऱ्याचा, सटवाजीचा, धुरा होता. सटवाजी जाऊन नऊ वर्षं झाली होती. दोन उन्हाळ्यांमागे हरिओमने ट्रॅक्टर घातला. एका सकाळी धुरा होता, दुपारी नव्हता. त्याच्या सऱ्या चार पावलं अलीकडे आल्या.

"किती जमीन गेली मावशी?"

"ते मला मोजायचं न्हाई. मला पैसा नगं, भरपाई नगं. धुरा हुता तिथं धुरा पायजे. बस्स."

राजकन्या दुसऱ्याच दिवशी शेतावर गेली. जीपमधून उतरून ओढा ओलांडून पायी. हरिओम तिथेच होता. तीस-बत्तिशीचा, बोलायला बरा. म्हणाला, "मॅडम, धुरा कसला, नुसतं काटंकुटं अन् साप. आमच्या आज्याच्या येळंपासून पडीकच हुता तो. सटवाजीआबानं कवाच टाकून दिल्ता." हरिओमच्या वकिलाने कैफियतीत, म्हणजे दाव्याच्या लेखी उत्तरात, पुढे हेच लिहिलं. वादीच्या पतीने धुरा टाकून दिला होता, आणि ती पट्टी हरिओमच्या घराण्याकडे आपोआप आली.

दावा लिहिताना राजकन्येने एक गोष्ट हेरली. न्यायाधीश नवे होते, रत्नागिरीकडचे. त्यांना धुरा म्हटलं की बैलगाडीची नाहीतर कारभाराची धुरा वाटणार. म्हणून पहिल्याच परिच्छेदात तिने लिहिलं, की या भागात दोन शेतांमधल्या मातीच्या बांधाला धुरा म्हणतात आणि या दाव्यात तो शब्द त्याच अर्थाने वापरला आहे. ते वाक्य तिला फार आवडलं. शेषेरावांना फोन करून वाचूनही दाखवलं.

दोन वर्षांनी नागाबाईचा उलटतपास लागला.

समोर शिवशंकर वकील. साठीचे, हसतमुख, बारमध्ये सगळ्यांना चहा पाजणारे. त्यांनी आधी तासभर इकडचं तिकडचं विचारलं. वय काय, शेतात रोज जाता का, सटवाजी आजारी कधी पडला. नागाबाई आखूड उत्तरं देत होती. मग त्यांनी चष्मा काढला आणि अगदी घरातल्या माणसाने विचारावं तसं विचारलं.

"बाई, हा धुरा तुमच्या नवऱ्यानं टाकला होता, हे खरं ना?"

नागाबाईची मान वर झाली. दिवसभरात पहिल्यांदा तिचा चेहरा उजळला.

"हाव! त्यानंच टाकला."

राजकन्येचाही चेहरा उजळला. बाजूच्या बाकावर बसून तिने आपल्या वहीत त्या उत्तरापुढे बरोबरची खूण केली. शिवशंकर वकील "बस, साहेब" म्हणाले आणि खाली बसले. न्यायाधीशांनी राजकन्येला विचारलं, "फेरतपास? काही खुलासा करून घ्यायचाय?"

"काही नाही साहेब," राजकन्या म्हणाली.

मराठी जबाब नागाबाईला वाचून दाखवला. तिने आपलेच शब्द ऐकले, मान हलवली, अंगठा दिला. इंग्रजी जबाब कुणी वाचून दाखवत नाही. तो न्यायाधीश स्वतः सांगतात, टंकलेखक टाइप करतो, आणि तो फायलीत जातो.

जबाबाची नक्कल आठ दिवसांनी मिळाली. दुपारची सुट्टी होती. राजकन्या डबा उघडून बसली आणि जेवता जेवता वाचू लागली. मराठी वाचून झालं. सवयीने इंग्रजी पान उलटलं. शेवटच्या ओळीवर तिचा हात थांबला. इंग्रजीत लिहिलं होतं की साक्षीदाराच्या पतीने धुरा सोडून दिला होता, हे खरे आहे.

तिने ते पुन्हा वाचलं. मग मराठी ओळ वाचली. टाकला.

नवऱ्याने टाकलेली बाई असते. पडीक टाकलेलं रान असतं. आणि पाया टाकतात, धुराही टाकतात. तोच शब्द. न्यायाधीशांनी कैफियत वाचलेली होती, त्यांच्या कानाला त्यातला अर्थ लागला. त्यांची चूक नव्हती. चूक जिची होती ती डबा समोर ठेवून बसली होती. मातीकाम करणाऱ्याच्या घरात वाढलेल्या तिच्या कानाला बांध काय, धुरा काय, टाकणं म्हणजे घालणं, एवढाच अर्थ माहीत होता. दुसऱ्या कुठल्याही गावच्या वकिलाने उठून विचारलं असतं, टाकला म्हणजे काय? उर्दूचं एकेक अक्षर तासन्‌तास बघणारी राजकन्या स्वतःच्या बोलीतल्या शब्दावर बरोबरची खूण करून मोकळी झाली होती.

तिने डबा झाकला आणि शिवशंकर वकिलांच्या टेबलाशी गेली.

"काका, मुद्दाम तसं विचारलंत?"

त्यांनी नक्कल बघितली, चहाचा कप खाली ठेवला.

"मी प्रश्न विचारला. उत्तर तुझ्या बाईनं दिलं. तू का उठली नाहीस?"

"मला ऐकू आलं नाही."

"ऐकू आलं नाही, की दुसरंच ऐकू आलं?"

तिने नक्कल उचलून घेतली.

"अगं, मलाही वाटलं होतं तू उठशील," ते हळूच म्हणाले. "नाही उठलीस. आता माझ्या पक्षकाराचं नुकसान करून तुला कशी मदत करू, सांग?"

त्यांचंही बरोबर होतं.

नागाबाईला फोनवर सांगता आलं असतं. राजकन्या एसटीने निघाली, फाट्यावरून जीप, मग पायी. नागाबाई दारात तुरीच्या शेंगा सोलत होती. राजकन्येने सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. चूक माझी आहे मावशी, हेही सांगितलं.

नागाबाईचे हात थांबले.

"म्हंजी कागदावर असं लिवलंय, की त्यानं सोडून दिला?"

"हो."

"अन् ते म्या सांगितलं?"

"तसं लिहिलं गेलंय."

"अंगठा माझाच?"

"तुमचाच."

ती शेंगांचा ढीग एका हाताने सारखा करत राहिली.

"दावा हरले असते तर हरले असते," शेवटी म्हणाली. "पर तुमी त्याला आळशी केलंव, बाई. मेलेल्या मान्साला. त्यानं जल्मात एक काम सोडलं न्हाई अन् माझ्याच तोंडानं कागदावर लिवून घेतलंव की सोडलं."

 राजकन्या शेजारी बसली आणि शेंगा सोलू लागली. नागाबाईने दोन-चार शेंगा तिला सोलू दिल्या. मग तिच्या हातातली एक काढून घेतली.

"असं न्हाई. दाना फुटून राहिला. बोटानं दाब, नखानं नको." आणि थोड्या वेळाने, "मग आता काय?"

"तुम्हाला पुन्हा बोलवा म्हणून अर्ज करते. कोर्ट हो म्हणेल असं नाही. म्हटलं तरी मला एक-दोनच प्रश्न विचारता येतील. आणि उत्तर सुचवता येणार नाही. ‘धुरा बांधला होता ना?’ असं मी विचारलं, तर ते बाद."

"मग म्या काय बोलायचं?"

"ते मी सांगणार नाही मावशी. सांगितलं तर ती साक्ष तुमची राहणार नाही."

"काय विचारनार ते तरी?"

"तेही नाही."

नागाबाईने तिच्याकडे टक लावून बघितलं. "लई कडक हाय तुमचं काम," ती म्हणाली. रागाने नव्हे.

अर्ज राजकन्येने स्वतःच्या हाताने लिहिला. सोबत स्वतःचं प्रतिज्ञापत्र जोडलं. त्यात लिहिलं, की साक्षीदाराने आपल्या बोलीत बरोबर उत्तर दिले. त्या शब्दाचे दोन अर्थ होतात हे लक्षात येऊन खुलासा करून घेण्याचे काम तिच्या वकिलाचे होते. ते वकिलाने केले नाही. बारमधल्या दोघा-तिघांनी ते वाचलं आणि सांगितलं, मॅडम, असं लिहू नका, टंकलेखनाची चूक म्हणा, पक्षकार टिकत नाहीत. तिने एकही ओळ काढली नाही.

शिवशंकर वकिलांनी विरोध केला. वाजवी केला. उलटतपासात पडलेलं भोक नंतर बुजवायला कायदा परवानगी देत नाही, असं म्हणाले. न्यायाधीशांनी दोन तारखा घेतल्या. तिसऱ्या तारखेला अर्ज मंजूर झाला, अटींवर. फक्त त्या एका उत्तरापुरता खुलासा. उत्तर सुचवणारा प्रश्न नाही. आणि त्यानंतर समोरच्या वकिलांना पुन्हा उलटतपासाची मुभा.

खुलाशाच्या साक्षीच्या दिवशी नागाबाई धुतलेलं हिरवं लुगडं नेसून आली. हरिओमही आला होता, मागच्या बाकावर. दावा लागल्यापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

राजकन्येने रात्र-रात्र घोकलेला प्रश्न असा काही नव्हताच. साधा प्रश्न होता. इतका साधा की दोन वर्षांत तिने तो नागाबाईला एकदाही विचारला नव्हता. धुरा कुठून कुठवर होता ते विचारलं होतं, कधीचा, किती रुंद, कोण कोण साक्षीला आहे, सगळं. मातीच्या कामातलं आपल्याला कळतं, या भरवशावर एवढंच राहून गेलं होतं.

"मागच्या वेळी तुम्ही म्हणालात, तुमच्या नवऱ्याने धुरा टाकला. टाकला म्हणजे काय काय केलं?"

शिवशंकर वकील अर्धे उठले, प्रश्न मनात पुन्हा वाचला, आणि बसले.

नागाबाईने पदर सावरला. न्यायाधीशांकडे बघितलं. नव्या माणसाला काम शिकवायचं असतं तसं ती सांगू लागली.

"साहेब, लगीन झाल्यावरचा दुसरा उन्हाळा. आदी दोरी धरली. धुरा दोरीबिगर सरळ येत न्हाई. दोरीचं एक टोक माझ्या सासऱ्यानं धरलं. दुसरं ह्या हरिओमच्या आज्यानं धरलं."

मागच्या बाकावर हरिओमने मान वर केली.

राजकन्येच्या हातातलं पेन थांबलं. हे तिला माहीत नव्हतं. हरिओमच्या आज्याने दोरी धरली, म्हणजे सीमा दोन्ही घरांनी मिळून ठरवली होती. दोन वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

"मग?" न्यायाधीश म्हणाले. ते स्वतः लिहून घेऊ लागले होते.

"मग चर खनला. हितक्या खोल, गुडघ्याइतका. काळी माती उन्हाळ्यात फाटती, तिच्यावर काय बी ठेवा, खाली जातंय. म्हून चरात दगड. दगड आमी वढ्यातून आनले. मोठा दगड तेनं आनायचा, म्या लहान. मोठ्याच्या फटीत लहान बसवायचा. बसला का न्हाई ते पायानं हालवून बगायचं. हालला तर काडायचा, फिरवून पुन्यांदा बसवायचा. मग मुरूम. मुरूम टाकला की पानी मारायचं, धुम्मसानं ठोकायचं. एक वीत थर झाला की थांबायचं. वाळू द्यायचं. दुसऱ्या दिशी दुसरा थर. घाई केली तर पोटात हवा ऱ्हाती अन् पावसात फुगतंय."

"किती दिवस लागले?"

"अक्षी सव्वा म्हैना. दिवसा दुसऱ्याच्या रानात काम. सकाळी उजाडताना अन् दिवस कलल्यावर आमचा धुरा. वरतून मारवेल लावलं, गवताच्या मुळ्या माती धरत्यात. एकदा तेच्या पायावर दगड पडला, अंगठ्याचं नख गेलं. त्यानं चिंधी बांधली अन् दगड तिथंच बसवला." ती जराशी हसली. "त्या दगडाला आमी नखाचा दगड म्हनायचो."

 टंकलेखक थांबून ऐकत होता.

न्यायाधीशांनी लिहिता लिहिता वर बघून विचारलं, "आजी, मग इथे ‘धुरा बांधला’ असं लिहू का?"

शिवशंकर वकील उठले. "साहेब, हरकत. उत्तर न्यायालयच सुचवतंय."

न्यायाधीश काही बोलणार, तोवर नागाबाईच म्हणाली, "न्हाई साहेब. बांधत्यात घर. धुरा टाकत्यात. म्या टाकला म्हनले हुते, टाकलाच लिवा. फकस्त आता तुमाला कळलं म्हंजी झालं."

शिवशंकर वकील हसले. त्यांची हरकत आपोआप निकालात निघाली होती. तरी त्यांनी आपलं काम केलं.

"बाई, पन्नास वर्षांवरचं झालं. एवढं सगळं आठवतं?"

"वकीलसाहेब, तुमाला तुमची परीक्षा आठवती का न्हाई?"

"आठवते."

"ती तुमी डोक्यात वाहिली. म्या हे डोक्यावर वाहिलं."

"दोरी माझ्या पक्षकाराच्या आजोबांनी धरली, याला कागद आहे?"

"कागद न्हाई. ते गेले, माझा सासरा गेला. म्या हाय." मग ती मागे वळली. "हरिओम, तुझा आजा खोटं बोलायचा का रं?"

न्यायाधीशांनी तिला थांबवलं, साक्षीदाराने प्रश्न विचारायचा नसतो म्हणून.  हरिओमने खाली बघितलं.

या वेळी जबाब दोन्ही भाषांत वाचून दाखवा, अशी विनंती राजकन्येने केली. इंग्रजी वाचताना न्यायाधीश प्रत्येक वाक्याचं मराठीही सांगत होते. नागाबाईने शेवटपर्यंत ऐकलं. एका ठिकाणी अडवलं. मुरूम एक वीत होता, एक हात नव्हे. ते दुरुस्त झालं. मग अंगठा.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर राजकन्येला बोलायचं होतं. नागाबाईने बोलू दिलं नाही.

"झालं ते झालं. आता कागदावर त्यानं काय केलं ते हाय ना?"

"आहे."

"दगड सुद्दा?"

"दगडसुद्धा."

"मग हारलो तरी चालंल," नागाबाई म्हणाली आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढून तिला दिली. "घोटभर प्या. तोंड सुकलंय तुमचं."

पण राजकन्येला हरून चालणार नव्हतं. तिने न्यायालयामार्फत मोजणी मागितली आणि मोजणीच्या दिवशी स्वतः शेतावर उभी राहिली. सटवाजीच्या धुऱ्याची वरची माती गेली होती, पण ट्रॅक्टर वरवर चालला होता. नागाबाईने दाखवलेल्या रेघेवर खणलं तेव्हा गुडघाभर खोलीवर दगड लागले. एकाला एक लागून, सरळ, फटींत लहान दगड बसवलेले. भूमी अभिलेखचा माणूस बराच वेळ बसून बघत राहिला. आता असं काम होत नाही, एवढंच म्हणाला आणि नकाशावर लिहून घेतलं.

निकाल नागाबाईच्या बाजूने लागला. धुरा प्रतिवादीने साठ दिवसांत पूर्वीच्या जागी करून द्यावा, असा हुकूम झाला. शिवशंकर वकिलांनी हरिओमला अपिलाबद्दल विचारलं. हरिओम म्हणाला, "कशाला? दगड तर दिसले की."

हुकूम पाळल्याची पुरशीस, म्हणजे दोन्ही बाजूंच्या सहीचा समाधानाचा कागद, कोर्टात द्यावी लागते. तो टाइप करून राजकन्या पिशवीत घेऊन गेली. हरिओमने सकाळीच जेसीबी आणला होता. अर्ध्या दिवसात मुरुमाची लांब रास दगडांच्या रेघेवर पडली. उंची बरोबर, लांबी बरोबर. जेसीबीवाला बिडी ओढत निघायच्या बेतात होता.

"झालं आजी," हरिओम म्हणाला. दावा लागल्यापासून पहिल्यांदा तो तिच्याशी बोलला. "बगा."

नागाबाईने चपला काढल्या आणि राशीवर चढली. पहिल्याच पावलाला पाय घोट्यापर्यंत आत गेला. तिने दुसरा टाकला. तोही गेला.

"वकीलबाई, अंगठा कुठं द्यायचा?"

राजकन्येने कागद काढला, तिच्या पायांकडे बघितलं आणि कागद परत पिशवीत ठेवला.

"आज नको मावशी."

"असं हाय व्हय," हरिओम हसला, कान खाजवत. "मग आता काय करू?"

"जेसीबीला जाऊ दे. धुम्मस आन," नागाबाई म्हणाली. "अन् आदी पानी मार. हितून सुरू कर, उगवतीकडून. एका दिसात एकच थर."

तो पाण्याची बादली आणायला गेला. नागाबाई वाकली आणि वरची माती हाताने सरळ करू लागली. राजकन्येने साडीचा काठ वर खोचला आणि दुसऱ्या टोकाला जाऊन वाकली. नागाबाईने थोडा वेळ बघितलं.

"बोटानं न्हाई, बाई. तळव्यानं."